पाण्याची पुंजी जपणारी झाडे

वैशाखातील दुपारी माण किंवा खटाव तालुक्यातील एखाद्या माळावर उभे राहिले, तर दृष्टी पोहोचेल तेथवर रान करपलेले दिसते. गवताच्या काड्या झालेल्या असतात. ओढ्याच्या पात्रात दगडगोटे उघडे पडलेले असतात. अशा वेळी शेताच्या बांधावर एखादे झाड मात्र हिरवेगार उभे असते. त्याला कोणी पाणी घातलेले नसते, आळे केलेले नसते, की कुंपण घातलेले नसते. उलट, तेच शेताचे कुंपण झालेले असते. हे झाड म्हणजे निवडुंग.

आता दुसरे दृश्य पाहा. शहरातील एका घराच्या खिडकीत एका सुबक कुंडीत असेच एक जाड, मांसल झाड आणून ठेवलेले आहे. घरातील मुले त्याला रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालतात. पहिले काही दिवस ते टवटवीत दिसते. मग त्याचा बुंधा पिवळा पडतो, हाताला मऊ लागतो, आणि एके दिवशी झाड आडवे होते. मुलांना वाटते, पाणी कमी पडले असावे. वास्तविक ते झाड पाण्यानेच मेलेले असते.

चार महिने पाण्याचा थेंब न मिळताही जे जगते, ते रोजच्या पाण्याने का मरावे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, म्हणजे या झाडांची निगा कशी राखावी हे निराळे सांगावे लागत नाही. त्यासाठी प्रथम ही झाडे जगतात कशी, ते पाहिले पाहिजे.

ज्या वनस्पती आपल्या पानांत, खोडात किंवा मुळांत पाण्याचा साठा करून ठेवतात, त्यांना मांसल वनस्पती असे म्हणतात. कोरफडीचे पान मधोमध कापले, तर आत काचेसारखा पारदर्शक गर दिसतो. तो गर म्हणजे त्या झाडाचा हौद होय. निवडुंगाने हाच हौद खोडात बांधलेला असतो. पाऊस पडला की त्याचे खोड फुगते. उन्हाळ्यात साठा कमी होऊ लागला की ते आकसते. पुष्कळ निवडुंगांच्या खोडांवर उभ्या धारा असतात. बाजाच्या पेटीचा भाता जसा उघडतो आणि मिटतो, तशा या धारा पसरतात आणि जवळ येतात. म्हणून खोड फुगले तरी त्याची साल फाटत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात सग्वारो नावाचा एक निवडुंग आहे. तो १२ मीटरहून अधिक उंच होतो आणि एका चांगल्या पावसात शेकडो लिटर पाणी पोटात घेऊ शकतो.

पण नुसता साठा करून भागत नाही. तो राखावाही लागतो. सामान्य झाडाच्या पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. झाड या रंध्रांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आत घेते आणि सूर्यप्रकाशात त्यापासून आपले अन्न तयार करते. परंतु रंध्रे उघडी असली की त्यांतून पाण्याची वाफही बाहेर पडते. भर उन्हात दारे उघडी टाकावीत, तर घरातील गारवा निघून जातो, त्यातलाच हा प्रकार. बहुतेक मांसल वनस्पतींनी यावर एक अजब उपाय शोधला आहे. त्या दिवसा दारे बंद ठेवतात आणि रात्री, हवा थंड झाल्यावर उघडतात. रात्री आत घेतलेला वायू त्या आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात, आणि दिवस उजाडला की बंद दाराआड त्यापासून अन्न तयार करतात. रात्रीच बाजारहाट उरकून घ्यावा आणि दिवसा घर लावून स्वयंपाक करावा, असा हा संसार आहे.

या गोष्टीचा एक धागा आपल्याच देशात सापडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रास इलाख्यात काम करणारे बेंजामिन हाइन नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पानफुटीचे पान त्यांनी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिले. सकाळी ते आंबट लागले, दुपारी जवळजवळ बेचव, आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पान तेच, झाड तेच. मग चव का बदलावी? हाइन यांना त्याचे कारण ठाऊक नव्हते. रात्रभर साठलेले आम्ल सकाळी पानात असते आणि दिवसभरात खर्च होऊन जाते, हा त्याचा उलगडा पूर्णपणे होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. हाइन यांचे कुतूहल जितके घेण्यासारखे आहे, तितकी त्यांची पद्धत घेण्यासारखी नाही. पानफुटीत विषारी द्रव्ये असतात आणि ती खाऊन गुरे दगावल्याची उदाहरणे आहेत; तेव्हा अनोळखी झाडाचे पान कधीही तोंडात घालू नये.

अशी काटकसर करणाऱ्या झाडाची वाढ संथ असते, हे उघड आहे. त्याची गरजही थोडी असते. जमीन कोरडी असताना त्याची मुळे स्वस्थ असतात. पण मुळांनाही हवा लागते. माती सतत ओली राहिली, म्हणजे तिच्यातील पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळांचा श्वास कोंडतो आणि त्यांना बुरशी लागते. कुजण्याची सुरुवात अशी जमिनीखाली होते. ती वर दिसू लागते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आता ओळखीकडे वळू. येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. मांसल वनस्पती हे काही एक कुल नव्हे. देवमासा पाण्यात राहतो म्हणून तो मासा ठरत नाही, किंवा वटवाघूळ उडते म्हणून ते पक्षी ठरत नाही; त्याचप्रमाणे कोरड्या प्रदेशात राहून पाणी साठवू लागलेल्या निरनिराळ्या कुलांतील वनस्पती दिसायला सारख्या झाल्या आहेत, इतकेच.

याचे उत्तम उदाहरण आपल्या ‘निवडुंग’ या शब्दातच आहे. मराठीत हे नाव निदान दोन अगदी वेगळ्या झाडांना दिले जाते. एक त्रिधारी निवडुंग. त्याच्या फांद्यांना तीन ठसठशीत धारा असतात आणि धारांवर काट्यांच्या जोड्या असतात. दुसरा फड्या निवडुंग, ज्याला नागफणीही म्हणतात. त्याचे चपटे, हिरवे फडे एकावर एक रचल्यासारखे वाढतात. लोक या फड्यांना पाने समजतात, पण ती खोडे आहेत. खरी पाने कोवळ्या फड्यांवर बारीक टोकांसारखी दिसतात आणि लवकरच गळून पडतात. त्रिधारी निवडुंग आपल्या देशातला, एरंडाच्या कुलातील आहे. फड्या निवडुंग परदेशी आहे. तो कॅक्टस कुलातील असून अमेरिका खंडातून समुद्रमार्गे इकडे आला. कॅक्टस कुलातील जवळजवळ सर्व वनस्पती मूळच्या अमेरिकेतल्याच आहेत.

दोहोंतील फरक ओळखावयाचा कसा? काटे जवळून पाहावेत. फड्या निवडुंगाचे काटे एका लहानशा, लोकरीसारख्या गादीतून निघालेले असतात. अशी गादी असेल, तर ते झाड कॅक्टस कुलातील होय. त्रिधारी निवडुंगाला अशी गादी नसते. आणि त्याला जराशी इजा झाली की पांढरा चीक वाहू लागतो. फड्या निवडुंगाला असा पांढरा चीक येत नाही. मात्र त्याच्या मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसांसारखी बारीक कुसे असतात, ती मोठ्या काट्यांहून अधिक त्रास देतात. कारण ती बोटात रुतली, तर डोळ्यांना दिसतही नाहीत. त्याची लाल बोंडे खेड्यांतील मुले आवडीने खातात, पण त्याआधी ती दगडावर चांगली घासून घेतात, ती याच कुसांसाठी.

एके काळी महाराष्ट्रात निवडुंगाची दाट रानेच्या राने होती. पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. तेथील मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली, अशी आख्यायिका आहे. फड्या निवडुंगाने तर देशभर इतकी जमीन अडविली होती की त्याचा नायनाट कसा करावा, हा एक प्रश्नच होऊन बसला. तो सुटला एका किड्यामुळे, आणि त्याची सुरुवात तर चुकीच्या ओळखीतून झाली. मेक्सिकोत निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून उत्तम तांबडा रंग तयार करीत असत. हा धंदा हिंदुस्थानात सुरू करावा, या हेतूने १७९५ मध्ये ब्राझीलहून असे किडे बंगालमध्ये आणण्यात आले. पण आणलेला किडा तो नव्हताच. दिसायला तसाच, पण हलक्या प्रतीचा रंग देणारा त्याचा भाऊबंद होता. रंगाचा धंदा बुडाला. किड्याने मात्र निवडुंगाच्या एका जातीचा पुष्कळ प्रदेशातून फडशा पाडला. निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीला त्याने तोंडही लावले नाही. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून निराळ्या जातीचा किडा आणावा लागला. माणसाला दोन्ही निवडुंग सारखेच वाटत होते. किड्यांना त्यांतील फरक बरोबर कळत होता. आजही एखाद्या फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर काडीने ते चिरडून पाहावेत. काडीला गडद तांबडा रंग लागतो.

अशीच गफलत कोरफड आणि घायपात यांच्या बाबतीत होते. दोहोंची पाने लांब, जाड, टोकाकडे निमुळती आणि जमिनीलगत गुच्छाने वाढणारी असतात. घायपाताला काही भागांत केकताड म्हणतात. कोरफडीचे पान हाताने सहज मोडते आणि आतून गर निघतो. गराच्या बाहेरच्या बाजूस, सालीच्या आत, पिवळा कडू रस असतो. हाच रस वाळवून काळा बोळ तयार करतात. तो पोटात गेला तर जुलाब होतात. घायपाताचे पान मोडता मोडत नाही, कारण त्यात चिवट धागे भरलेले असतात. त्यांचेच दोर वळतात. शिवाय घायपाताच्या पानाच्या टोकाला सुईसारखा कठीण काटा असतो आणि त्याचा रस अंगाला लागला तर खाज सुटते. कोरफड अरबस्तानाकडची, घायपात मेक्सिकोकडचे. वयात आलेली कोरफड वर्षानुवर्षे फुलते. घायपाताचे तसे नाही. ते आठ-दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ, नुसती पाने वाढवीत राहते. मग एकाएकी त्याच्या मध्यातून पाच-सहा मीटर उंचीचा दांडा वर चढतो, त्यावर फुले येतात, पुष्कळदा त्यावरच लहान रोपेही धरतात, आणि इतक्या वर्षांची सारी पुंजी त्या एका फुलोऱ्यावर खर्चून ते झाड वाळून जाते. रेल्वेमार्गाच्या कडेला असे दांडे तुम्ही पाहिले असतील.

पानफुटी ओळखणे सर्वांत सोपे. तिचे जाड पान जमिनीवर पडले की त्याच्या कातरलेल्या कडेच्या प्रत्येक खाचेतून एकेक रोप डोके वर काढते. मुळे, पाने सारे काही असलेले. पान भिंतीला टाचून ठेवले तरी त्याला पालवी फुटते. बीजावाचून झाड होते, हे दाखविण्यास शाळेत याहून चांगले साधन नाही. ही वनस्पती मूळची मादागास्कर बेटावरची असली, तरी आज ती कोकणातील परसांत घरची होऊन बसली आहे.

आणि ब्रह्मकमळ? पावसाळ्यात एखाद्या रात्री मोठे, पांढरे, सुगंधी फूल उमलते. शेजारीपाजारी ते पाहायला येतात, काही घरी त्याची आरतीही करतात. सकाळी ते मिटून लोंबू लागते. आपल्या घरांतून लावले जाणारे हे झाड खरोखर एक निवडुंग आहे! ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील जंगलांत मोठ्या वृक्षांच्या आधाराने वाढते. ज्याला आपण त्याचे लांब पान समजतो, ते चपटे खोड होय. म्हणूनच त्याच्या कडेतून कळी निघू शकते. हिमालयातील उंच पर्वतांवर उगवणारे खरे ब्रह्मकमळ, जे उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे, ते सूर्यफुलाच्या कुलातील असून त्याचा या झाडाशी काहीही संबंध नाही. अलीकडे सांगली, सोलापूर या भागांत ज्याची लागवड होते, ते ड्रॅगन फळ मात्र या घरच्या ब्रह्मकमळाचे जवळचे नातलग आहे.

उरलेल्यांपैकी काहींची ओळख थोडक्यात करून घेता येईल. चौकोनी, सांधे असलेल्या खोडाची आणि ताणे फेकीत चढणारी ती कांडवेल. ती द्राक्षाच्या कुलातील आहे. जमिनीवर पसरणारी, लालसर देठांची घोळ तर आपण भाजी म्हणून खातो. तिचीच एक बहीण रंगीबेरंगी फुलांसाठी लावतात. ती ऊन वर आल्यावर, कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास फुलते, म्हणून तिला लोकांनी ‘ऑफिस टाइम’ असे गमतीचे नाव दिले आहे. तलवारीसारखी उभी आणि सापाच्या कातडीप्रमाणे नक्षीदार पाने असलेल्या झाडाला रोपवाटिकेत स्नेक प्लांट म्हणतात. लालसर फांद्यांवर नखाएवढी गोल पाने असलेले जे झाड आपल्याकडे ‘जेड’ म्हणून विकले जाते, ते बहुधा दक्षिण आफ्रिकेतील असते. तेथे ते हत्तींचे आवडते खाद्य आहे.

एका झाडाची ओळख मात्र प्रत्येकाला असलीच पाहिजे. ते म्हणजे शेर. त्याच्या फांद्या हिरव्या, गोल, पेन्सिलीएवढ्या जाड असतात आणि त्यांवर पाने जवळजवळ नसतातच. त्याला काटे नसतात, त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. शेताच्या कुंपणाला ते पुष्कळ ठिकाणी लावलेले असते आणि जाता येता त्याच्यावर काठी मारण्याचा मोह मुलांना होतो. पण शेराची फांदी मोडताच पांढरा चीक भसाभसा वाहू लागतो. तो चीक डोळ्यांत उडाला, तर असह्य आग होते, डोळा सुजतो आणि काही काळ दिसेनासेही होते. असे झाल्यास डोळा मुळीच चोळू नये. लगेच स्वच्छ पाण्याची धार धरून निदान पंधरा-वीस मिनिटे तो धुवावा आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. त्रिधारी निवडुंगाचा चीकही याच जातीचा आहे. चीक येणारे झाड छाटण्याचे काम मोठ्या माणसांनी हातमोजे आणि चष्मा घालून करावे.

आता निगा. झाड कुठले आहे आणि ते मुळात कसल्या जमिनीत वाढते, हे कळले की अर्धे काम झाले. माळावरच्या झाडाला खडकाळ, निचऱ्याची जमीन लागते. कुंडीत काळी माती भरली, तर ती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. म्हणून एक भाग बागेतील माती, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे असे मिश्रण करावे. त्यात ओंजळभर चांगले कुजलेले खत पुष्कळ झाले. कुंडी मातीची असावी, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. चिनी मातीच्या शोभिवंत कुंड्यांना पुष्कळदा खाली भोकच नसते; अशी कुंडी म्हणजे या झाडांसाठी फासच. भोकावर खापरीचा एक बाकदार तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

पाणी केव्हा घालावे, याची चाचणी बोटाने करावी. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली, तर पाणी घालू नये. माती कोरडी ठणठणीत असेल, तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी घालावे आणि मग पुन्हा माती सुकेपर्यंत तिकडे पाहू नये. रोज चमचाभर पाणी देण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. कारण माळावरचा पाऊसही असाच येतो, एकदम आणि मग बराच काळ नाही. साधारणपणे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आणि थंडीत पंधरा दिवसांतून एकदा पाणी पुरते. पण हा हिशोब पंचांगासारखा पाळावयाचा नाही. नागपूरची माती आणि रत्नागिरीची माती एका दिवसात वाळत नाही.

झाड तहानलेले आहे की अति पाण्याने आजारी आहे, हे ओळखण्यात पुष्कळांची चूक होते, कारण दोन्ही वेळी पाने मलूल दिसतात. पाने दाबून पाहावीत. तहानलेल्या झाडाची पाने पातळ होतात, त्यांवर सुरकुत्या पडतात, पण ती चिवट असतात. पाणी मिळाले की दोन दिवसांत ती पुन्हा भरतात. कुजू लागलेल्या झाडाची पाने पिवळट, अर्धपारदर्शक आणि पिचपिचीत होतात, आणि नुसत्या स्पर्शाने गळतात. अशा झाडाला पाणी घालणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजण्यासारखे आहे. ते ताबडतोब कुंडीतून काढावे, काळी पडलेली मुळे व मऊ भाग कापून टाकावा, आणि उरलेला निरोगी तुकडा सावलीत वाळवून कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावा. कधी कधी बुंधा गेला तरी शेंडा वाचतो.

महाराष्ट्रात या झाडांची खरी परीक्षा उन्हाळ्यात होत नाही, पावसाळ्यात होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर पाऊस थांबतच नाही. हवेतही ओल असते. तेथे कुंड्या पागोळ्यांपासून दूर, पण उजेड आणि वारा मिळेल अशा ओसरीवर आणून ठेवाव्यात आणि कित्येक आठवडे मुळीच पाणी देऊ नये. कुंडीखाली बशी ठेवण्याची पद्धत या दिवसांत सोडून द्यावी. पेठेतून आणलेल्या झाडांपैकी पुष्कळ झाडे पहिल्या पावसाळ्यातच दगावतात. घरचे ब्रह्मकमळ तेवढे या नियमाला अपवाद आहे. ते वृक्षांच्या सावलीत वाढणारे असल्यामुळे त्याला कडक ऊन सोसत नाही. पालापाचोळ्याचे खत आणि इतरांहून थोडे अधिक पाणी त्याला मानवते. तेही निवडुंगच, पण त्याला माळावरच्या निवडुंगासारखे वागवून चालणार नाही.

उजेड कमी पडला, तर ही झाडे लांबुळकी होऊन खिडकीकडे मान काढतात. त्यांना ऊन द्यावे, पण हळूहळू. अनेक महिने घरात असलेले झाड एकदम मे महिन्याच्या उन्हात नेऊन ठेवले, तर त्याची साल भाजून पांढरट डाग पडतात आणि ते डाग कधीच जात नाहीत. आठ-दहा दिवस रोज थोडे थोडे ऊन वाढवीत न्यावे. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तर तो पिठ्या ढेकूण समजावा. साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या कापडाच्या बोळ्याने तो पुसून काढावा आणि ती कुंडी काही दिवस इतरांपासून वेगळी ठेवावी.

नवी रोपे करावयाची असल्यास घाई करू नये, एवढेच सांगावयाचे. गुलाबाची काडी ओली असतानाच लावतात. मांसल झाडाची फांदी कापल्यावर मात्र तिची जखम सावलीत चार-सहा दिवस सुकू द्यावी लागते. जखमेवर खपली धरली की मगच ती मातीत लावावी. नाहीतर ओल्या जखमेतून कुज शिरते. कोरफडीच्या बुडाशी पिले येतात, ती मुळांसकट अलग करून लावावीत. एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे अशी पिले जात जातच कोरफड गावोगाव पोहोचली आहे.

हे सारे शेजाऱ्याच्या परसातील किंवा रोपवाटिकेतील झाडांविषयी झाले. डोंगरावरून झाड उपटून आणणे ही वेगळी गोष्ट आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक लहानशी मांसल वनस्पती आहे. एकोणिसाव्या शतकात डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया’ हे नाव दिले. साऱ्या जगात ती फक्त महाराष्ट्रात आढळते, आणि येथेही जुन्नरजवळच्या शिवनेरीसारख्या मोजक्याच ठिकाणी. जगातील अतिशय दुर्मिळ वनस्पतींत तिची गणना झालेली आहे. पावसाळ्यात तिला पाने असतात. पाऊस सरला की ती पाने गाळते आणि नुसत्या बोटाएवढ्या जाड खोडांवर, खडकाच्या कपारीत, पुढच्या पावसाची वाट पाहते. गुरांचे चरणे, वणवे, दरडी कोसळणे आणि हौसेने उपटून नेणारी माणसे यांमुळे तिची संख्या घटत गेली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या फांद्यांपासून रोपे वाढविली आणि त्यांपैकी काही पुन्हा डोंगरांत नेऊन लावली आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात किल्ल्यावर गेलेल्या माणसाला एखाद्या कपारीत तिचे चांदणीच्या आकाराचे, गर्द तांबूस रंगाचे आणि पिवळ्या ठिपक्यांचे फूल दिसू शकते. मात्र ते कड्याच्या काठावर असते, तेव्हा ते दुरूनच पाहावे लागते.